नऊ एकांच्या नऊ ओळी

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या मला पहिल्यांदा भेटली ती चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत. मी सहावीत होतो. गुरुजींनी फळ्यावर ११ गुणिले ११ मांडलं आणि १२१ लिहिलं. मग १११ गुणिले १११, उत्तर १२३२१. एवढं करून त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "नऊ एकांपर्यंत आता तुम्ही जा. उद्या वह्या बघतो." त्या रात्री चौकटीच्या वहीची दोन पानं शेजारी शेजारी ठेवून मी नऊ ओळी मांडल्या. उजवीकडून बेरीज करत निघालो. एक, दोन, तीन असे अंक चढत गेले, नवावर पोचले आणि तिथून एकेक पायरी उतरत पुन्हा एकावर आले. मी ती बेरीज तीनदा केली. चूक सापडेना, तेव्हा आईला उठवून दाखवली.

पुढे पोटासाठी सुरतेला आलो. एका डाइंग मिलमध्ये हिशेब लिहायला लागलो आणि त्यातच निवृत्त झालो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरलं तेव्हा ती वही गेली. नंतर आम्ही कामरेजला राहायला आलो. आता रविवारी सकाळी ओट्यावर सोसायटीतली मुलं जमतात. अर्धी आमच्यासारखी खानदेशी घरांतली, अर्धी सौराष्ट्रातून आलेल्या हिरे कारागिरांची. त्यांच्याबरोबर गेली काही वर्षं मी ही एकच संख्या उलटूनपालटून पाहतो आहे. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

१. मोठी संख्या आधी मोठ्यानं वाचावी

मुलांसमोर ही संख्या ठेवली की ती पहिल्यांदा हसतात, कारण वाचता येत नाही. "काका, करोडच्या पुढे काय?" हा प्रश्न ठरलेला. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर संख्या अशी दिसते : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. पण स्वल्पविरामानं डोळ्यांची सोय होते, जिभेची होत नाही. जिभेची सोय भास्कराचार्यांनी करून ठेवली आहे. 'लीलावती' ११५० ची. तिच्यात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्या नावांनी वाचलं तर ही संख्या होते एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. शाळेत आपण अर्बुदाला दशकोटी, प्रयुताला दशलक्ष आणि अयुताला दशहजार म्हणतो, एवढाच फरक. संख्येला सतरा अंक आणि नावं अठरा, म्हणजे परार्धाचं एक घर रिकामं राहतं.

हे वाचताना माझी छाती भरून येते, त्याला गावचं कारण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवीला आम्ही लहानपणी बैलगाडीनं जायचो. त्याच पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. लहानपणी आम्ही देवीला नारळ फोडून परत यायचो. शिलालेखाबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता मी मुलांना आवर्जून सांगतो.

नावं पाठ झाली तरी आकार कळत नाही. त्यासाठी सेकंदाला एक या वेगानं मोजत बसलो तर किती वेळ लागेल, याचा हिशेब मुलांकडून करून घेतला. उत्तर आलं सुमारे ३९ कोटी वर्षं. एका मुलाला ते पटेना, त्याला पाण्याचं उदाहरण दिलं. कामरेजला जी तापी आपण पाहतो ती वर उकाईला अडवलेली आहे. त्या जलाशयाची एकूण क्षमता ७,४०० दशलक्ष घनमीटरांच्या आसपास. आपल्या संख्येइतके लिटर पाणी साठवायचं तर असे साडेसोळाशेहून जास्त जलाशय लागतील. २००६ चा पूर त्याच्या घरच्यांनी पाहिलेला होता. तो गप्प बसला आणि वहीत १६५० हा आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली.

२. गुणाकार उभा मांडावा, मग कारण दिसतं

उत्तर सुंदर आहे म्हणून थक्क होणं सोपं असतं. सहावीत मीही तेवढंच केलं होतं. ते तसं का येतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही पुरानंतर नवी वही आणून पुन्हा मांडल्यावर.

१११११११११ ला १११११११११ ने गुणायचं, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकवायची. कागदावर तिरकी गंजी तयार होते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक असतो. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या स्तंभात नऊच्या नऊ ओळी एकमेकींवर येतात, म्हणून तिथे नऊ. त्याच्या डावीकडे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभातल्या एकांची मोजणी, दुसरं काही नाही. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून मोजणी जशीच्या तशी खाली उतरते.

आणि म्हणूनच अंकांची बेरीज आधीच सांगता येते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, एकूण ८१ एक. ते स्तंभांत वाटले गेले, हरवले नाहीत. १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरणाऱ्या अंकांची बेरीज ८१ च यायला हवी, आणि येते. चौथीतल्या मुलालाही हे पटतं. मला मात्र इतकी वर्षं लागली, कारण मी ती मांडणी उत्तरासाठी करत होतो, पाहण्यासाठी करत नव्हतो.

३. नमुना तुटतो तिथे थांबावं

नऊ एकांवर मुलं थांबत नाहीत, आणि थांबू नये. दहा एक घेतले की सगळ्यांना वाटतं, १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं काहीतरी येईल. येतं ते असं : १२३४५६७९००९८७६५४३२१. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा ओट्यावर एकच गलका झाला. जो तो दुसऱ्याची चूक शोधू लागला. चूक कुणाचीच नव्हती.

मधल्या स्तंभात आता दहा एक आहेत. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचं आणि हातचा एक. आमच्या गुजराती मुलांच्या शब्दांत वद्दी एक. तो हातचा डावीकडच्या नवात मिळाला की तिथेही दहा झाले, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. तो पुढच्या आठात मिळाला की आठाचा नऊ झाला. तिथे हातचा संपला. सातापासून पुढे सगळं पूर्ववत. म्हणजे चढणीवर आठ नाही, कारण आठाच्या घरात नऊ येऊन बसला. उतरणीवर मात्र आठ जागच्या जागी आहे, कारण हातचा उजवीकडे जात नाही.

हा नाहीसा झालेला आठ मला आधी दुसरीकडे भेटला होता. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की १११११११११ येतात, ही करामत पुष्कळांना ठाऊक असते. १८ ने गुणलं तर सगळे दोन, ६३ ने गुणलं तर सगळे सात. पण १२३४५६७९ मध्ये आठ का नाही, याचं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. एका रविवारी १ ला ८१ ने भागत बसलो. उत्तर आलं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, पुन्हा पुन्हा तेच, आणि पुन्हा आठ गायब. तेव्हा डोक्यात उजेड पडला. १ ला ९ ने भागलं की ०.१११११… येतं, न संपणारे एक. ८१ म्हणजे ९ गुणिले ९. म्हणून १ भागिले ८१ म्हणजे न संपणाऱ्या एकांना न संपणाऱ्या एकांनी गुणणं. तीच तिरकी गंजी, फक्त तिला शेवट नाही. स्तंभांत एक, दोन, तीन असे एक साठत जातात, आणि दहाव्या स्तंभाचा हातचा मागे येऊन नवाचा शून्य करतो आणि आठाचा नऊ. आठाला खाणारा चोर दोन्हीकडे एकच होता.

माझ्या आयुष्यात गणितानं दिलेला सगळ्यात मोठा आनंद कोणता, असं कुणी विचारलं तर मी ही सकाळ सांगेन. नवापर्यंतचा नमुना किती देखणा आहे हे सगळेच सांगतात. मला त्याचं मर्म दहाव्याला तो मोडला तेव्हाच कळलं.

४. संख्येला नाव देणाऱ्याची ओळख करून घ्यावी

१, १२१, १२३२१ अशा या संख्यांना डेमलो संख्या म्हणतात हे मला फार उशिरा समजलं. नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून साधारण तीस मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, ते आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचंच नाव संख्येला दिलं. आपल्या संख्येचं हे बारसं रेल्वे स्टेशनावरचं आहे हे ऐकून मुलांना फार बरं वाटतं. कामरेजच्या चार रस्त्यावर दिवसभर गाड्यांची गर्दी असते. तिथे उभं राहूनही काही सुचू शकतं, असं त्यांना वाटायला लागतं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. कागद, पेन्सिल आणि शाळामास्तराची संध्याकाळ एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर संख्यांचा पाठलाग केला. ६१७४ ही त्यांची संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं (ते तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून) पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. १९४९ ची ही गोष्ट. तरी कितीतरी जाणकार त्यांच्या कामाला करमणूक समजून हसत राहिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. १९८६ मध्ये ते वारले.

ज्यांनी त्यांना हसून सोडून दिलं त्यांचं चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. जे काम सहावीतल्या पोराला रात्री जागं ठेवतं आणि साठीतल्या म्हाताऱ्याला पुन्हा वही उघडायला लावतं, ते हलकं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्यापुरती. सुरतेहून मुंबईला जाताना डहाणू रोड लागतं. चाळीसगावहून मुंबईला जाताना देवळाली लागते आणि पुढे डोंबिवली. माझी जन्मभूमी आणि कर्मभूमी, दोन्हीकडून निघणारे रूळ त्यांच्या गावांवरून जातात. तीस वर्षं मी या दोन्ही वाटांनी प्रवास केला आणि एकदाही खिडकीतून त्यांच्यासाठी पाहिलं नाही. आता पाहतो.

५. दोन ओळखी एकत्र आणाव्यात

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्या सांगितल्या, त्यांना नाव दिलं हर्षद. हर्ष देणारी ती हर्षद. आपल्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणारी संख्या. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, नवानं अठराला भाग जातो.

आमच्याकडची एक दहा वर्षांची मुलगी आहे, तिनं विचारलं, "काका, आपली डेमलो हर्षद आहे का?" मला उत्तर माहीत नव्हतं. अंकांची बेरीज ८१, तेव्हा ८१ ने भागायचं. सगळ्यांनी मिळून लांबलचक भागाकार केला. १५२४१५७८९९७१०४१ आलं, बाकी शून्य. आणि ही आलेली संख्याही उगाच कुठली नाही, ती १२३४५६७९ चा वर्ग आहे. आठ हरवलेली आपली जुनी ओळखीची.

मग बाकीच्याही तपासल्या. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद किती? दोन, चार, सहा, आठ एकांचे वर्ग विषम आणि अंकांची बेरीज सम, म्हणून ते बाद. पाच एकांच्या वर्गाची बेरीज २५, पण संख्या एकावर संपते, बाद. सात एकांना सातानं भाग जात नाही, एक उरतो, तोही बाद. राहिल्या तीन : १, १२३२१ आणि आपली ही सतरा अंकी. एक, तीन आणि नऊ एकांच्या. ज्या माणसानं डेमलोला नाव दिलं आणि हर्षदलाही नाव दिलं, त्याच्या दोन्ही याद्यांत या तीन आहेत.

६. फोडून पाहावी, आणि फुटत नसेल तर तेही सिद्ध करावं

नऊ एक तीन-तीनच्या गटात लिहिले की १११ १११ १११ दिसतात. म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातला १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तिनानं भागलं : ३३३६६७. आता हा ३३३६६७ फुटतो का?

हे काम मी एका पावसाळ्यात एकट्यानं केलं. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५८७ चा ३४४५६९, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा मूळ संख्या आहेत १०६. रोज जेवण झाल्यावर पाच-सहा भागाकार. घरचे विचारायचे, "आज कितीपर्यंत आलात?" शेवटच्या ५७७ नं भागलं तेव्हा भागाकार ५७८ आणि बाकी १६१. फुटत नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे.

महिन्याभरानं समोरच्या इमारतीतली, अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी दिवाळीचा फराळ घेऊन आली होती. तिला वही दाखवली. तिनं पाहिली आणि हळूच म्हणाली, "काका, एवढे भागाकार लागत नाहीत." नंतर ओट्यावर बसून तिनं जे समजावलं ते असं. ३३३६६७ ला जी मूळ संख्या भागेल ती ९९९९९९९९९ लाही भागेल. म्हणून १ ला तिनं भागलं की दशांशातले अंक एक, तीन किंवा नऊ घरांनी पुन्हा येतील. एका घरानं पुन्हा येणारी फक्त ३, तीन घरांनी पुन्हा येणारी फक्त ३७. या दोघींनी ३३३६६७ ला भाग जात नाही. ३७ नं भागलं तर एक उरतो. म्हणजे राहिल्या फक्त नऊ घरांच्या. आणि फर्माच्या नियमानं हा पुनरावृत्तीचा आकडा नेहमी मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला भागतो. तेव्हा तिच्यातून एक वजा केला की नवानं भाग गेला पाहिजे. मूळ संख्या विषम, म्हणून दोनानंही. दोन्ही मिळून अठरानं. अठरानं भागून एक उरणाऱ्या मूळ संख्या ५७७ पर्यंत किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा.

१०६ च्या जागी सतरा. मला वाईट वाटलं नाही. मी केलेले १०६ भागाकार खरेच होते, पण तिनं विचाराच्या बळावर ८९ भागाकार न करताच केले. हात चालवणं मला येतं, ते मी मुलांना देऊ शकतो. हे दुसरं शिकवायला मात्र मी तिलाच बोलावतो, आणि सुट्टी असली की ती येते.

तर आपली संख्या म्हणजे चार ३, दोन ३७ आणि दोन ३३३६६७ यांचा गुणाकार. तिला ४५ विभाजक आहेत. ४५ विषम, कारण पूर्ण वर्गाचा मधला विभाजक स्वतःशीच जोडी लावतो. तो मधला म्हणजे आपले नऊ एक.

७. एका ताळ्यावर विसंबू नये

आमच्या पिढीला गुणाकार केला की नवाचा ताळा पाहायची सवय. अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं. या संख्येनं तो ताळा किती आंधळा असू शकतो ते दाखवलं. एका मुलानं उत्तर लिहिलं १२३४५६७८९७८६५४३२१. सात-आठाची अदलाबदल झाली होती. बेरीज तरीही ८१, ताळा जुळला, आणि मी बरोबरची खूण केली. पुढच्या रविवारी त्यानंच चूक दाखवली.

तेव्हापासून अकराचाही ताळा पाहतो. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि वजा करायच्या. खऱ्या संख्येत ४१ आणि ४०, फरक १. नऊ एकांत पाच आणि चार, फरक १, त्याचा वर्ग १. जुळलं. अदलाबदल झालेल्या संख्येत ४२ आणि ३९, फरक ३. चोर सापडला. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशाच चुका पकडण्यासाठी असतो, फक्त त्याची रीत वेगळी आहे.

८. यंत्राला किती अंक पेलतात ते आधी विचारावं

हा धडा मला महाग पडला. मिलमधल्या कामगारांचे पगार बँकेत जमा करायचे होते. संगणकावरच्या शीटमध्ये मी सगळ्यांचे खाते क्रमांक भरले. ज्यांचे क्रमांक सोळा अंकी होते त्यांचे पगार परत आले. सणाचे दिवस होते. दोन घरांत मी स्वतः जाऊन हात जोडले. रात्री शीट उघडून पाहिली तर प्रत्येक सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य. मी शून्य लिहिलं नव्हतं.

त्या रात्री माझी जुनी संख्या उपयोगाला आली. शीटच्या रिकाम्या घरात ती टाकली. दिसलं १२३४५६७८९८७६५४३००. पंधरा अंक खरे, शेवटचे दोन शून्य. तिचा चढ-उतार पाठ असल्यामुळे यंत्र कुठे गळालं ते एका नजरेत कळलं. अशा शीटमध्ये संख्या म्हणून भरलेल्या आकड्याचे पंधराच अंक टिकतात. घर आधी 'मजकूर' करून ठेवलं की अंक जसेच्या तसे राहतात, हे सकाळी शिकलो. पुढे कळलं की संगणकाच्या नेहमीच्या मांडणीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढच्या सगळ्या विषम संख्या बसतच नाहीत, म्हणून काही ठिकाणी आपल्या संख्येचा शेवटचा १ जाऊन तिथे ० येतो. माझ्या मोबाइलचा साधा कॅल्क्युलेटर तर तिला दशांशात गुंडाळून टाकतो. सतरा अंक नीट सांभाळणारं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वस्त साधन अजूनही चौकटीची वही आहे.

तुमच्या घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल तर त्याला अशी एक वही आणून द्या. नऊ एकांच्या नऊ ओळी त्याच्या हातानं मांडू द्या, आणि उत्तर काय येणार ते आधी सांगू नका. रात्री त्यानं तुम्हाला उठवलं तर उठा.